कोठारावर चढलेले बापलेक

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, माउंट व्हर्नन या छोट्या गावाजवळ एका कोठाराच्या भिंतीवर दोन भल्यामोठ्या आकृती रंगवल्या गेल्या. हातात तीन दातांचं दाताळं घट्ट धरलेला, चष्मा लावलेला टकला शेतकरी आणि त्याच्या शेजारी केस चापूनचोपून बसवलेली, नजर बाजूला वळवलेली स्त्री. ग्रँट वुड या आयोवाच्याच चित्रकाराच्या ‘अमेरिकन गॉथिक’ला गावाकडून मिळालेली ही दाद. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. उंची जेमतेम अडीच फूट.

ही दाद मिळायला वेळ लागला. 1930 साली याच आयोवातले शेतकरी त्या चित्रावर चिडले होते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये वुड आयोवातल्याच एल्डन गावात आला होता. तिथे 1880 च्या दशकात बांधलेलं एक घर त्याला दिसलं. घर इवलंसं, लाकडी, पण वरच्या मजल्याला चर्चला शोभेल अशी टोकदार कमानीची खिडकी! त्याने तिथेच कच्चं रेखाटन केलं. अशा घरात कोण राहत असेल, याचा विचार करत तो सीडर रॅपिड्सला परतला आणि जवळचीच माणसं त्याने समोर बसवली: बहीण नॅन आणि दातांचे डॉक्टर बायरन मॅकीबी. दोघांपैकी कुणीही शेतकरी नव्हतं. ती बसलीही वेगवेगळी.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या प्रदर्शनात चित्राला ब्राँझ पदक आणि 300 डॉलर मिळाले. संग्रहालयाने ते विकतही घेतलं. वर्तमानपत्रांत ते छापून येताच आयोवात गहजब झाला. आपण असे आंबट चेहऱ्याचे, कर्मठ दिसतो का, असा शेतकरी घरांचा सवाल होता. नॅनचं दुखणं वेगळंच. दुप्पट वयाच्या माणसाची बायको म्हणून लोक तिच्याकडे बघत. चित्रात बाप आणि लेक आहेत, असं वुड सांगत राहिला.

मग महामंदीने नजर बदलली. बँका बुडत होत्या, शेतं लिलावात जात होती. अशा काळात ते ताठ चेहरे चिवटपणाचे वाटू लागले. त्याच सुमाराला सरकारी पैशातून चित्रकारांना काम मिळालं. 1934 मध्ये आयोवातल्या एम्सच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वुडच्या देखरेखीखाली शेतीची भित्तिचित्रं उभी राहिली. पुढे देशभरच्या टपाल कार्यालयांत अशी हजाराहून अधिक चित्रं लागली. नांगर, मळणी, कणसं भिंतीवर पाहायची सवय छोट्या गावांना लागली ती तेव्हापासून.

एल्डनचं घर 1991 मध्ये राज्याच्या इतिहास संस्थेकडे आलं, 2007 मध्ये शेजारी पर्यटक केंद्र उघडलं. तिथे कोट, एप्रन आणि दाताळं मागितलं की मिळतं. नॅन आणि डॉक्टर या घरासमोर चित्रासाठी कधी उभेच राहिले नव्हते. आता नवरा-बायको, भावंडं, आजी-नातू चेहरे पाडून तिथे फोटो काढून घेतात.