किटलीतला पांढरा थर

भांड्याच्या तळाशी साचणारा पांढरा थर घरोघरी कटकटीचा विषय असतो; परंतु हैदराबादच्या पाण्याचा इतिहास सांगणारे ते एक साधन आहे, असे आम्हांस वाटते. जमिनीत मुरणारे पाणी खडकामातीतून कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेते. ते उकळले की विरघळलेल्या बायकार्बोनेटातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनखडीच्या जातीचा कार्बोनेट धातूला धरून बसतो. तळे वा तलाव यांतील पावसाचे पाणी सहसा सौम्य असते. विहिरीचे अनेकदा जड.

सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतील आपल्या जुन्या घरांत आडाचे पाणी आणि तांब्याचा बंब ही जोडी नित्याची होती. बंबाच्या पोटात हात जात नाही. थर वाढला की उष्णता पाण्यापर्यंत सावकाश पोचते आणि सरपण अधिक जळते. बाहेरून मात्र चिंच व राख लावून तो लखलखीत ठेवीत. चिंचेतील टार्टरिक आम्ल तांब्यावरचा काळेपणा विरघळवते. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई. नवसागराने तापलेले भांडे स्वच्छ करून त्यावर कथील पसरणारा कल्हईवाला गल्लीत आला, की घराघरांतून पातेली बाहेर येत.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या सल्ल्यातून मुसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसीवर हिमायतसागर (1927) उभे राहिले. पूर आवरण्यासाठी योजलेल्या या जलाशयांनी नळाला गोडे पाणीही दिले. गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, ही म्हण त्याच पाण्याची.

पुढे शहर वाढले. मंजिरा, 2004 पासून कृष्णा आणि 2015 पासून गोदावरीचे पाणी आणावे लागले. तरीही अनेक वसाहती बोअरवेलवर विसंबल्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, आणि पर्यायी स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालतो. खोल बोअरचे पाणी पुष्कळदा या मर्यादेजवळ पोचते आणि विजेच्या किटलीत आठवड्यातच थर दिसू लागतो.

तो काढणे सोपे आहे. किटली निम्मी पाण्याने भरून दोन लिंबांचा रस घालावा, एकदा उकळावे, अर्धा तास ठेवून ओतून द्यावे आणि दोनदा साधे पाणी उकळून टाकावे. तारेच्या घासणीने खरवडू नये. कल्हईच्या भांड्यात मात्र आम्ल उकळू नये, कथील झिजते.

शहराचा थर असा निघत नाही. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या पाणलोटाचे रक्षण करणारा 1996 चा शासकीय आदेश क्रमांक 111 हा 84 गावांतील बांधकामावर निर्बंध घालत होता. 2022 च्या आदेशाने तो सैल करण्याची वाट मोकळी केली. पाणलोटावर इमारती चढल्या, तर पुढच्या पिढीला नळाऐवजी बोअरच अधिक उपसावी लागेल. ज्या कुटुंबांनी आड, गंडीपेट आणि बोअर ही तिन्ही पाणी पाहिली, त्यांनी याविषयी बोलणे आवश्यक आहे. बंब भंगारात गेला तरी चालेल. गंडीपेट भंगारात जाता कामा नये.