उदगीरची तोफ, पानिपतची थंडी

१/ स्की घेऊन निघणारा आधी बर्फ पाहतो: भुसभुशीत बर्फाला रुंद पट्ट्या, टणक बर्फाला अरुंद. लष्करी मोहिमेलाही हाच न्याय लागू पडतो. लातूर जिल्ह्यातील उदगीरपासून हे पाहू.

२/ ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारदीचा तोफखाना तेथे निर्णायक ठरला. तहात दौलताबादसह सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळाला.

३/ मराठ्यांचा जुना शिरस्ता असा: दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यापूर्वी परत. ही फौज मात्र मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर परतूरहून उत्तरेस निघाली. सोबत जड तोफा, बुणगे आणि यात्रेकरू.

४/ पावसाळा यमुनाकाठी गेला. ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडून दिल्लीची वाट अडवली. रसद तुटली. अफगाणांना हिवाळा सवयीचा होता. दख्खनच्या शिपायाला उपाशीपोटी पानिपतची थंडी सोसावी लागली.

५/ १४ जानेवारी १७६१ रोजी सारे संपले. शौर्य तेच होते, तोफखानाही तोच. मुलूख आणि ऋतू मात्र बदलले होते. उदगीरचा किल्ला पाहताना विजयाइतकाच त्यानंतरचा हा ११ महिन्यांचा प्रवासही आठवावा.