चर्मपत्र आणि तबकडी

इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजानें १०८५ सालच्या नाताळांत ग्लॉस्टर येथें दरबार भरवून राज्याची मोजदाद करण्याचा हुकूम सोडला. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती पाणचक्क्या, याची चौकशी गांवोगांव झाली आणि ती लॅटिन भाषेंत चर्मपत्रांवर उतरविण्यांत आली. तोच ‘डूम्सडे बुक’ हा ग्रंथ. लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत तो आजहि आहे, आणि जुनी लॅटिन जाणणाऱ्यास आजहि वाचतां येतो.

या ग्रंथास ९०० वर्षें होत आलीं, तेव्हां बी. बी. सी.नें नवी मोजदाद करण्याचें मनावर घेतलें. देशाचे ४ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद असे तुकडे पाडून ते बहुतेक शाळांकडे सोंपविले. दहा लाखांवर लोकांनीं, त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा, आपल्या परिसराची हकीकत लिहिली, छायाचित्रें काढलीं. १९८६ सालीं हें सारें दोन लेसर तबकड्यांवर प्रसिद्ध झालें.

त्या वाचण्यास एका विशिष्ट जातीचा संगणक व तशाच विशिष्ट जातीचें वाचनयंत्र लागे. या जोडीला कांहीं हजार पौंड पडत. त्यामुळें पुष्कळ शाळांना स्वतः लिहिलेला मजकूरहि पाहावयास मिळाला नाहीं, ही मोठी चमत्कारिक गोष्ट! पंधरा वर्षांतच तीं यंत्रें दुर्मिळ झालीं. तबकड्या शाबूत होत्या. त्यांवरील मांडणी मात्र इतर यंत्रांस उमगेना. पेशवे दप्तरांतील मोडी कागद आज थोड्यांनाच वाचतां येतात खरे, परंतु मोडी शिकतां येते. अक्षरें डोळ्यांपुढें असतात. तबकडीवरील सूक्ष्म खुणांना ती सोय नाहीं.

२००२ सालीं लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनीं जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली रचून तो मजकूर पुन्हां पडद्यावर आणला. चित्रांच्या बाबतींत बी. बी. सी.नें जपलेल्या मूळ फिती उपयोगीं पडल्या.

योगायोग असा कीं, त्याच १९८६ सालीं अमेरिकेंतील ऑल्डस कंपनीनें चित्रें सांठविण्याची ‘टिफ’ नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तिच्या मागें राजाज्ञा नव्हती, उत्सवहि नव्हता. निरनिराळ्या कंपन्यांच्या स्कॅनर यंत्रांचा छपाईच्या कामांत मेळ बसावा, एवढाच हेतु. परंतु तिचे नियम कोणासहि पाहावयास खुले होते. टिफच्या प्रत्येक फाइलीच्या आरंभीं दोन अक्षरें असतात. पुढील आंकडे कोणत्या क्रमानें वाचावयाचे तें तीं सांगतात. मग ४२ हा आंकडा येतो. ती या पद्धतीची खूण. चित्राची रुंदी किती, उंची किती, इंचांत ठिपके किती, रंग कसे, याची यादीहि फाइलींतच असते. म्हणजे कुलपाबरोबर किल्लीहि दिलेली! १९९२ सालीं ठरलेली तिची सहावी आवृत्ति अद्याप चालू आहे, आणि जुनीं पानें अंकरूप करतांना अनेक ग्रंथालयें मूळ प्रत तींतच ठेवतात.

डूम्सडे तबकडीचा लोकांनीं लिहिलेला भाग बी. बी. सी.नें २०११ सालीं संकेतस्थळावर खुला केला. तें स्थळहि पुढें बंद झालें. २०१८ पासून त्याची प्रत राष्ट्रीय दप्तरखान्याकडे आहे, विल्यमच्या चर्मपत्रांच्या शेजारीं.