माळरानावरील पक्षिशिकार आणि हलकी बंदूक



दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली आणि तिच्यातूनच 'लष्कर' हे शहर वाढले. महाराज बाडा हे त्याचे हृदय. छावणीतून जन्मलेल्या शहराला बंदूक परकी असणे शक्यच नव्हते. मात्र संस्थानी शिकारीचा इतिहास सांगताना आपण बहुधा वाघापाशीच थांबतो. माधवराव महाराजांनी (१८७६–१९२५) व्याघ्रशिकारीवर १९२० मध्ये इंग्रजीत मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. शिवपुरीचे रान व्हाइसरॉयांच्या शिकारींनी गाजले. माळावरच्या तित्तिर-लाव्यांच्या शिकारीविषयी क्वचितच बोलले जाते. वस्तुतः शिकाऱ्याच्या विवेकाची खरी कसोटी तेथेच लागत असे.

वाघासाठी मचाण असे, हाकारा असे. तित्तिरासाठी मात्र बाभळी-बोरीच्या झुडपांतून, ज्वारीच्या धांड्यांतून कोसच्या कोस पायी हिंडावे लागे. पक्षी पायाशी फडफडत उठे आणि दोन-तीन क्षणांत टप्प्याबाहेर जाई. म्हणून बंदूक हलकी हवी, चटकन खांद्याला लागणारी हवी. येथेच 'बोर'चा प्रश्न उपस्थित होतो.

बोर मोजण्याची रीत जुनी आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर; वीस गोळ्यांतील एक बसेल ती वीस बोर. म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोरची १५.६, तर अठ्ठावीस बोरची १४ मिलिमीटर. विलायती बारा बोरची दुनळी साधारणतः साडेसहा पौंड भरे, तर वीस बोरची पावणेसहाच्या आसपास. हा पाऊण पौंडाचा फरक सकाळी जाणवत नाही. दुपारी उन्हात जाणवतो. पण वजन हवे तितके कमी करता येत नाही. बंदूक छर्‍यांच्या वजनाच्या सुमारे शहाण्णव पट जड असावी, असा कारागिरांचा एक जुना ठोकताळा आहे. त्याहून हलकी बंदूक खांद्याला सणसणीत धक्का देते आणि पुढचा नेम बिघडवते.

आता छर्‍यांचा हिशेब पाहा. बारा बोरच्या काडतुसात विलायती सहा नंबरचे सव्वा औंसाहून थोडे कमी, म्हणजे एक औंस आणि एक सोळांश, छर्रे घातले तर ते सुमारे २८७ भरतात. वीस बोरमध्ये सात नंबरचे पाऊण औंसाहून थोडे अधिक, म्हणजे सात अष्टमांश औंस, घातले तर सुमारे २९८. संख्या जवळजवळ तीच; फक्त दाणा बारीक. तित्तिरासाठी सहा-सात नंबर आणि लाव्यासाठी आठ नंबर पुरे होई. बारा बोरचा भरवशाचा टप्पा सुमारे चाळीस यार्डांचा मानत. वीस बोरने पस्तिसाच्या आत राहावे, अठ्ठावीस बोरने तिसाच्या आत.

यावरून 'लहान बंदूक म्हणजे दयाळू शिकार' असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. जवळचा पक्षीच टिपणाऱ्या हातात वीस बोर ही संयमाची सोबतीण होती. परंतु तिच्याच नळीतून दूरच्या पक्ष्यावर बार टाकला, तर विरळ छर्‍यांनी तो मरत नसे. जखमी होऊन झुडपात तडफडत राही. संयम बंदुकीत नव्हता, हातात होता. हात सुटला की काय होते, हे शेजारच्या भरतपूरने दाखविले. तेथील दलदलीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पाणपक्षी मारले गेले.

बंदुकीचा दुसराही उपयोग त्याच काळात झाला. बालपणी छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीने सालिम अलींना पक्षिशास्त्राकडे वळविले. पुढे त्यांनी ग्वाल्हेरसह मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी केली; तिचा वृत्तान्त १९३९–४० मध्ये प्रसिद्ध झाला. लहान पक्ष्याचा नमुना छिन्नविच्छिन्न होऊ नये, म्हणून संग्राहकालाही बारीक छर्रे आणि थोडी दारूच हवी असे. एकच हत्यार; एकाने त्यातून मोजदाद वाढविली, दुसऱ्याने ज्ञान.

व्यक्तीच्या संयमावर पक्ष्यांचे भवितव्य सोपविता येत नाही, हे अखेर कायद्याने मान्य केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचे दारही मिटले. तोवर माळढोकाला, म्हणजे येथील सोनचिडियाला, उशीर झाला होता. १९८१ मध्ये तिच्यासाठी घाटीगाव आणि करेरा येथे अभयारण्ये झाली. तरी करेऱ्याच्या माळावरून ती विसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीशी झाली. तिला केवळ बंदुकीने संपविले नाही. नांगराने, गुरांच्या चराईने आणि तुटत गेलेल्या माळाने संपविले.

विद्यार्थिमित्रहो, आज वीस बोरची निवड हा आपला प्रश्न उरलेला नाही. परंतु हाती आलेल्या साधनाचा टप्पा ओळखावा आणि त्या टप्प्याच्या आतच थांबावे, ही त्या निवडीमागची जाण बंदुकीबरोबर इतिहासजमा होऊ देऊ नये. तित्तिर अजून या परिसराच्या झुडपांत पहाटे ओरडतो. तो ऐकण्यासाठी कोणत्याही बोरची गरज नाही.