रुग्णाचे गांभीर्य यंत्र कसे ताडते?

तापासाठी तापमापक आहे, रक्तदाबासाठी यंत्र आहे. परंतु रुग्णाची प्रकृती किती गंभीर आहे, हे थेट दाखवणारे उपकरण नाही. नाडी, श्वसनगती, लघवीचे प्रमाण, रक्ततपासण्या अशा अनेक नोंदींवरून ते ताडावे लागते. हे काम आता मशीन लर्निंग, अर्थात यंत्र-अध्ययनाच्या साहाय्यानेही केले जाते.

जुनी गुणांकन पद्धत

अमेरिकेत विल्यम नॉस व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘अपॅची’ ही पद्धत मांडली. तिच्या १९८५ च्या आवृत्तीत शरीरक्रियेच्या १२ नोंदी, वय आणि जुने आजार यांना गुण देऊन ० ते ७१ यांदरम्यान गुणांक काढला जातो. मात्र तो अतिदक्षता विभागातील पहिल्या २४ तासांतील सर्वांत प्रतिकूल नोंदींवर आधारलेला असल्याने पुढील चढउतार त्यात उमटत नाहीत.

यंत्र-अध्ययनाची रीत

यात कोणत्या नोंदीला किती महत्त्व द्यायचे, हे संगणक हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून शिकतो आणि नवी नोंद येताच गुणांक बदलतो. जंतुसंसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद अनावर होऊन अवयव निकामी होऊ लागले, की त्या स्थितीला सेप्सिस म्हणतात. तिचे पर्यवसान सेप्टिक शॉकमध्ये होण्याचा धोका आधीच हेरणारा ‘ट्रूस्कोअर’ जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सुची सारिया व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला.

उपचारांचा पडदा

नोंदींत केवळ आजार नसतो, त्यावरील उपचारही असतात. अमेरिकेतील न्यूमोनियाच्या रुग्णांवरील एका अभ्यासात संगणकाने दम्याच्या रुग्णांना मृत्यूचा धोका कमी असल्याचा निष्कर्ष काढला. वास्तविक अशा रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात नेले जात असल्यामुळे ते वाचत होते. हा निष्कर्ष जसाच्या तसा वापरला असता, तर ज्यांना तातडीची गरज त्यांनाच घरी पाठवले गेले असते. म्हणूनच किरिल द्यागिलेव व सारिया यांनी केवळ अंतिम परिणामाऐवजी ‘ही अवस्था त्या अवस्थेपेक्षा अधिक गंभीर’ अशा जोड्यांच्या तुलनेतून गुणांक शिकवण्याची रीत मांडली.

पडताळणी

अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘एपिक’ कंपनीच्या सेप्सिस-इशारा प्रणालीची मिशिगन विद्यापीठाने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण तिच्या नजरेतून निसटले होते. याउलट २०२२ मध्ये पाच रुग्णालयांतील अभ्यासात, ‘ट्रूज’ प्रणालीचा इशारा डॉक्टरांनी तीन तासांत तपासून ग्राह्य धरला, त्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

गुणांक हा इशारा होय, निदान नव्हे. एका रुग्णालयात उपयोगी ठरलेली प्रणाली दुसरीकडे वापरण्यापूर्वी तेथील रुग्णांवर तिची पडताळणी होणे आणि इशारा मिळताच डॉक्टरांनी रुग्णाला स्वतः तपासणे, या दोन्ही गोष्टी अपरिहार्य ठरतात.