यजमानाच्या मापाची चिती

वास्तुशांतीच्या दिवशी आपल्याकडे चार विटांच्या चौकटीत माती किंवा वाळू पसरून स्थंडिल घातले जाते, समिधा रचल्या जातात, आणि दोनचार तासांत सारे आटोपून त्याच जागी पंगतीची पाने मांडली जातात. शहरात तर तेवढाही खटाटोप उरलेला नाही. तांब्याचे तयार होमकुंड बाजारातून आणले की काम भागते. ते कोणाच्याही घरी चालते. यजमान उंच असो की ठेंगणा, कुंडाला त्याचे सोयरसुतक नसते. प्राचीन काळच्या अग्निचितीची गोष्ट मात्र नेमकी याच्या उलट होती. ज्याच्यासाठी ती बांधायची त्याच्याच अंगाच्या मापाने तिची आखणी होई. या मापाच्या आग्रहापायी जी विद्या उभी राहिली, तिचेच ग्रंथ भारतीय भूमितीचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ग्रंथ ठरले आहेत.

प्रथम घरातला अग्नी पाहू. ज्याने अग्न्याधान केले आहे अशा गृहस्थाच्या अग्निशाळेत तीन अग्नी असत. गार्हपत्याची जागा वर्तुळाकार, आहवनीयाची चौरस आणि दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाकार. आकार तीन, परंतु तिघांचे क्षेत्रफळ सारखेच असले पाहिजे, असा दंडक होता. श्रोत्यांपैकी ज्यांना शाळेतली भूमिती आठवत असेल त्यांच्या ध्यानात येईल की ही अट दिसते तितकी साधी नाही. चौरसाएवढे वर्तुळ काढणे हा प्रश्न केवळ पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने बिनचूक सुटू शकत नाही, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. पण अंगणात दोरी घेऊन बसलेल्या माणसाला त्या सिद्धतेसाठी थांबता येत नव्हते. त्याला उद्या सकाळी अग्नी ठेवायचा होता. बौधायनाने त्याला एक युक्ती सांगितली. चौरसाच्या मध्यातून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. ती अर्ध्या बाजूपेक्षा जेवढी जास्त भरेल त्याचा एक तृतीयांश अर्ध्या बाजूत मिळवा, आणि तेवढ्या त्रिज्येने वर्तुळ फिरवा. हिशोब करून पाहिला तर हे वर्तुळ चौरसाहून शेकडा पावणेदोनच्या आसपास मोठे भरते. डोळ्यांना हा फरक कळतही नाही.

अशा युक्त्यांच्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, मानव, आपस्तंब आणि कात्यायन यांची सूत्रे त्यांत प्रमुख होत. बौधायनाचे सूत्र सर्वांत जुने. ते इसवी सनापूर्वी आठव्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी रचले गेले असावे, असे सामान्यतः मानतात. या ग्रंथांत सिद्धता जवळजवळ नाहीत. कोठे खुंटी ठोकावी, दोरीवर कोठे खूण करावी, मग ती कोणत्या दिशेला ओढावी, एवढेच सांगितलेले असते. पूर्व दिशा ठरवायची तर सपाट जमिनीवर शंकू रोवून त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे आणि शंकूच्या टोकाची सावली सकाळी व दुपारनंतर वर्तुळाला जेथे स्पर्श करील ते दोन बिंदू जोडायचे. ती रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. भाषा अशी रोखठोक आहे. गवंड्याने आपल्या हाताखालच्या पोराला समजवावे तशी.

सोमयागाच्या मोठ्या समारंभात, महावेदीच्या पूर्व टोकाला, जी विटांची चिती रचली जाते तिथे या विद्येची खरी कसोटी लागे. मापाचे एकक होते ‘पुरुष’. यजमानाने दोन्ही हात वर करून उभे राहावे आणि तेवढ्या लांबीचा वेळू तोडावा, असे आपस्तंब सांगतो. त्या वेळूला दोन्ही टोकांशी आणि मध्यभागी छिद्रे पाडून, ती खुंट्यांत अडकवून, त्याच वेळूने जमिनीवर चौरस आखायचा. मोजपट्टी तीच आणि कंपासही तोच! यजमान बदलला की वेळू बदलला, आणि वेळू बदलला की चिती बदलली. हिशोबाच्या सोयीसाठी एक पुरुष म्हणजे १२० अंगुळे धरतात. आजच्या मापाने सुमारे साडेसात फूट.

पहिल्या चितीचे क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष असावे लागे. श्येन म्हणजे ससाणा; त्याच्या साध्या आकृतीत धड दोन पुरुष लांब व दोन पुरुष रुंद, म्हणजे चार चौरस पुरुष. प्रत्येक पंख एक पुरुष रुंद आणि एक पुरुष व एक अरत्नी लांब. अरत्नी म्हणजे पुरुषाचा पाचवा भाग. दोन पंखांचे मिळून २.४ झाले. शेपूट एक पुरुष रुंद आणि पुरुषाच्या दहाव्या भागाने अधिक लांब, म्हणजे १.१. बेरीज बरोबर साडेसात. आपल्या हिशोबाने ही सुमारे ४२० चौरस फूट जागा झाली. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने श्येन रचावा, शत्रूंचा पाडाव हवा असेल त्याने प्रउग म्हणजे त्रिकोण, अन्नाची कामना असेल त्याने द्रोण. कामनेप्रमाणे आकृती बदलली तरी साडेसातचा आकडा हलत नसे. एका आकृतीची दुसरी करताना क्षेत्रफळ राखायचे, हीच तर शुल्बकारांची रोजची डोकेदुखी होती.

पुढे विटांचा प्रश्न येतो, आणि मला तो साऱ्या प्रकरणात अधिक रमणीय वाटतो. चितीचे थर पाच, प्रत्येक थरात विटा २००, एकूण १०००. आता पुरुषाच्या पाचव्या भागाएवढी बाजू असलेल्या चौरस विटा घेतल्या, तर साडेसात चौरस पुरुषांत त्या १८७ आणि अर्धी एवढ्याच बसतात. दोनशेचा आकडा गाठायचा तर काही विटा लहान हव्यात, काही अर्ध्या, काही तिरप्या कापाच्या. शिवाय खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये. म्हणून पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या थराची एक मांडणी आणि दुसऱ्या व चौथ्याची दुसरी. दोन्हींत विटा दोनशेच आणि बाह्यरेषा तीच. आजही कोणताही जाणता गवंडी सांधे तोडूनच वीट लावतो. तुटकी वीट लावू नये, जळून काळी पडलेली लावू नये, हेही सांगून ठेवले आहे. वीट वाळताना आणि भाजताना आकसते, हे सूत्रकारांना ठाऊक होते. बौधायन म्हणतो की जेवढी घट येईल तेवढी मातीने भरून काढावी. वीटभट्टीपाशी कधीच न गेलेल्या माणसाला हे सुचणे कठीण. प्रत्येक थराची उंची गुडघ्याच्या पाचव्या भागाएवढी; पाचही थर चढले की चिती यजमानाच्या गुडघ्याला लागे. पुन्हा यज्ञ करायचा झाल्यास ती चिती चालत नसे. नवी बांधायची, आणि ती एका चौरस पुरुषाने मोठी.

चौरसाच्या कर्णावरचा चौरस मूळच्या दुप्पट असतो आणि आयताच्या कर्णावरचा चौरस दोन्ही बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. बाजू एक असेल तर कर्ण किती, याची त्याने दिलेली किंमत ५७७ भागिले ४०८ इतकी येते, आणि ती पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. जॉर्ज थिबो या जर्मन पंडिताने १८७५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून हे सारे युरोपपुढे मांडले, तेव्हापासून पायथागोरस आधी की बौधायन आधी हा वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. ग्रीकांनी सिद्धतेचे शास्त्र उभे केले, आपल्या लोकांनी बांधकामाचे. दोघांचे प्रश्नच निराळे होते. अभिमान बाळगायचाच असेल तर तो दोनशे विटांच्या त्या कोड्याचा बाळगावा. त्याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते.

या चिती प्रत्यक्ष जमिनीत कोठे सापडतात काय? येथे सावधपणे बोलले पाहिजे, कारण या विषयात उत्साहाने पुराव्याला वारंवार मागे टाकले आहे. राजस्थानात कालीबंगा येथे १९६० ते १९६९ या काळात झालेल्या उत्खननात, सिंधू संस्कृतीच्या थरांत, एका कच्च्या विटांच्या चौथऱ्यावर ओळीने सात खड्डे मिळाले. त्यांत राख, कोळसा आणि मातीचे उभे खांब होते. खालच्या वस्तीतील घरांमध्येही असे खड्डे सापडले. उत्खननकर्त्यांनी त्यांना अग्निवेदी म्हटले. काही विद्वानांना त्या साध्या चुली वाटतात. ओळीने सात आणि शेजारी विहीर व स्नानाची जागा, हे पाहता चौथऱ्यावरच्या खड्ड्यांना केवळ चूल म्हणणे मला जड जाते. पण शुल्बसूत्रांतील कोणत्याही आकृतीशी त्यांचा मेळ बसत नाही, हेही तितकेच खरे. कौशांबीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथे पूर्वेकडील तटाबाहेर श्येनचिती सापडल्याचे गोवर्धनराय शर्मा यांनी १९६० मध्ये जाहीर केले, आणि ती पुरुषमेधाची असल्याचेही सांगितले. डिटर श्लिंगलोफ यांनी पुढे आक्षेप घेतला की ही चिती नसून तटाच्या ढासळलेल्या विटांचा ढीग आहे. विटांच्या ढिगात पंख शोधू लागले की ते दिसू लागतात. म्हणून शुल्बकाराचा वेळू येथे पुन्हा हाती घेतला पाहिजे: थर पाच आहेत काय, सांधे तुटतात काय, क्षेत्रफळ किती भरते?

देहरादून जिल्ह्यात काळसीजवळ जगतग्राम नावाचे गाव आहे. तेथे १९५२ ते १९५४ या काळात टी. एन. रामचंद्रन यांनी खोदकाम केले, तेव्हा असल्या वादाला जागाच राहिली नाही. विटांवर ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख होते: राजा शीलवर्म्याने केलेल्या चौथ्या अश्वमेधाची ही चिती. काळ इसवी सनाचे तिसरे शतक. आपल्या महाराष्ट्रात नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय अशी यज्ञांची नावे आहेत, दक्षिणेची मोजदादही आहे. परंतु त्या यज्ञांची एकही वीट आज आपल्याला दाखवता येत नाही.

चिती रचण्याची परंपरा केरळातल्या नंबुद्री घराण्यांनी टिकवली. १९७५ साली १२ ते २४ एप्रिल या दिवसांत पांजाळ या गावी अतिरात्र-अग्निचयन झाले. फ्रिट्स स्टाल या डच पंडिताने त्याचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करवले, आणि १९८३ मध्ये ‘अग्नी’ या नावाने दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. यज्ञात बोकडांचा बळी द्यायचा की नाही, यावरून त्या वेळी मोठे वादंग माजले. अखेर तांदळाच्या पिठाचे मुटके केळीच्या पानात गुंडाळून बोकडांच्या जागी वापरले गेले. पशूच्या बाबतीत अशी तडजोड झाली. विटांच्या बाबतीत झाली नाही. हजाराहून अधिक विटा ठरल्या मापाच्या साच्यांतून काढून, भाजून, पाच थरांत मंत्रपूर्वक मांडण्यात आल्या. शेवटच्या दिवशी यजमान आपला अग्नी घेऊन घरी गेला, मागे मंडपाला आग लावण्यात आली, आणि जळालेल्या मंडपात विटांचा पक्षी तेवढा राहिला.