रोजची वाइन आणि रोमचा सम्राट

महिन्याच्या हिशेबात आमचं घोडं अडतं ते चहापत्तीपाशी. रोमन गृहस्थाचं मात्र वाइनपाशी अडायचं, कारण जेवताना पाणी घालून ती रोजच लागे.

पाँपेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहिलेले मी वाचले: साधी वाइन १ आस, बरी २, नामांकित फालेर्नियन ४. इ. स. ७९ मध्ये ही भिंत व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेली, म्हणूनच ते दर अद्याप वाढलेले नाहीत!

पुढे महागाईला कंटाळून सम्राट डायोक्लेशनने ३०१ मध्ये भाव बांधून दिले. अर्ध्या लिटरच्या मापाला साधी वाइन ८ देनारियस, फालेर्नियन ३०. सव्वादोनशे वर्षांनीही फरक जवळपास चौपटच! शेतमजुराची रोजी जेवून २५. म्हणजे दिवसभर राबूनही फालेर्नियनचं मापभर नशिबी नाही, आणि साधीच घ्यावी तर तिसरा हिस्सा गेला.

जादा भाव घेणाऱ्याला देहदंड होता. व्हायचं तेच झालं, माल बाजारातून गडप! रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

३०५ मध्ये सम्राट निवृत्त होऊन भाजीपाला पिकवू लागला. वाइनचा हिशेब जमवण्यापेक्षा कोबी लावणं सोपं, हे त्यालाही पटलं असावं.